पान म्हणजे पाव

देशात सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा कोणती, इंग्रजी की स्पॅनिश, याचा निकाल शुक्रवारी लागायचा होता, आणि सॅन अँटोनिओच्या स्वरगणना कार्यालयात त्या आठवड्यात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. एरवी शेजारच्या टेबलावरच्याला मान वर करून न पाहणारी माणसं कॉफीच्या यंत्रापाशी घोळका करून उभी राहत होती. बाहेर रस्त्यावर दोन्ही बाजूंचे लोक फलक घेऊन बसले होते. एका बाजूला वाटत होतं देश बुडाला, दुसऱ्या बाजूला वाटत होतं देश एकदाचा आपला झाला. मधोमध एक पोलीस बिचारा दोन्ही बाजूंकडचे डोनट खात उभा होता.

हिल्डा लोपीस या कार्यालयात संशयित आवाजांच्या विभागाची प्रमुख होती. पद ऐकायला पोलिसी वाटतं, पण काम साधं होतं. जो आवाज कोणत्या भाषेतला आहे हे यंत्राला ठरवता येत नाही, तो माणसाने कान लावून ठरवायचा.

पूर्वी जनगणनेत लोकांना विचारत असत, घरी कोणती भाषा बोलता? लोक बेधडक थापा मारायचे. कुणी मुलांच्या भवितव्यासाठी इंग्रजी सांगायचं, कुणी अभिमानापोटी आजोबांची भाषा सांगायचं. मग घराघरांत दिवे लावणारी, दार उघडणारी, हवा गार करणारी ऐकणारी यंत्रं आली आणि कायदा झाला की याच यंत्रांनी भाषा मोजावी. काय बोललं गेलं ते त्यांनी साठवायचं नाही. आवाजाची चढउतार, कोणत्या व्यंजनामागे कोणतं येतं, श्वास कुठे तुटतो, एवढं पाहून भाषा ओळखायची आणि त्या भाषेत किती शब्द उच्चारले गेले ते मोजायचं. माणसं नव्हे, शब्द.

गंमत झाली ती इथे. इंग्रजी बोलणारी माणसं अजूनही जास्त होती, पण त्यांची घरं गप्प झाली होती. नवरा स्वयंपाकघरातून बायकोला झोपण्याच्या खोलीत मजकूर पाठवत होता आणि मुलं कानात गाणी ऐकायची बोंडं घालून बसली होती. स्पॅनिश घरांत मात्र आजी, मावशा, भाचरं, सगळी एकाच वेळी बोलत होती आणि कुणीही कुणाचं ऐकत नव्हतं. शब्द मोजायला बसल्यावर इंग्रजी दर तिमाहीला मागे सरकत गेली, आणि या तिमाहीत स्पॅनिश केसभर पुढे निघाली होती.

राहिल्या त्या बारीकसारीक भाषा. एखाद्या भागात त्यांची दहा-वीस घरं, त्यांच्यासाठी वेगळा रकाना कोण ठेवणार? मग नियम झाला की अशा घराचे शब्द कानाला जी मोठी भाषा जवळची वाटेल तिच्यात मिळवायचे, आणि कानालाही ठरवता आलं नाही तर आडनाव पाहायचं. नियम सुटसुटीत होता. हिल्डानेच लिहिला होता आणि त्याबद्दल तिला शाबासकीही मिळाली होती.

आडनावाचा मुद्दा तिला आपसूक सुचला असणार, कारण तिचं सगळं अमेरिकेतलं आयुष्य आडनावावर चाललं होतं. हिल्डा वसईजवळच्या भुईगावची. केळीच्या बागा, पानवेली, दारापुढे बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तळं. पोर्तुगीज तिथे आले, राहिले, गेले. जाताना त्यांनी चर्चं ठेवली, आडनावं ठेवली आणि पगार, चावी, पाव असे काही शब्द ठेवले. बोली मात्र गावाची मराठीच राहिली. अमेरिकेत पहिल्याच दिवशी कुणीतरी 'लोपीस'चं 'लोपेझ' करून टाकलं आणि हिल्डाने दुरुस्त केलं नाही. कोण समजावत बसणार, वसई कुठे आहे, तिथे ख्रिस्ती कसे, ते मराठी कसे बोलतात? पुढे ते सोयीचं झालं. मग कार्यालयात मारिसोल भेटली, हिल्डाची जिवलग मैत्रीण झाली, तिने तिला 'र' घोळवायला शिकवलं, घरी जेवायला नेलं, आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजी शाळेत स्पॅनिश बोलली म्हणून मास्तरणीने तिला साबणाने तोंड धुवायला लावलं होतं. ती गोष्ट ऐकताना हिल्डाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यानंतर 'मी तुमच्यातली नाही' असं सांगणं तिला जमेना.

वडील गेल्यावर आई इकडे आली. मार्तीणबाय. सत्तरीची, काटक, सकाळी उठून खिडकीतल्या कुंड्यांशी बोलणारी. ती बोलायची आपल्या गावच्या बोलीत, हिल्डा उत्तर द्यायची इंग्रजीत. तेही दोन शब्दांत.

आवाजांची शेवटची तपासणी निकालाच्या आदल्या आठवड्यात झाली, तेव्हा खोलीत तिघं होती. हिल्डा, मारिसोल आणि संचालक बेनेट. एकेक तुकडा वाजत होता. नाव नाही, पत्ता नाही, फक्त आडनाव पडद्यावर. बेनेटने पुढचा तुकडा लावला आणि एक म्हातारा, खणखणीत, चिडका आवाज खोलीत घुमला.

"आपल्या बोलीत बोल ना गं बाय! इथं कोण आयकतंय?"

बेनेट दचकला आणि मग खो खो हसला. "बाप रे! ही बाई भांडतेय की देवाची प्रार्थना करतेय?"

मारिसोलही हसत होती. "आडनाव लोपेझ आहे. काय गं, तुझी आत्या की काय?"

तो आवाज हिल्डाने आदल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर ऐकला होता. समोर बसून, फोनमध्ये डोकं घालून.

"आमच्यात लोपेझ पोत्याने आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे ओळखत नाहीस?" बेनेटने सहजच विचारलं.

"छे."

"पण ही आहे कुठली भाषा? मला तर एक अक्षर कळलं नाही," मारिसोल म्हणाली.

"जुनी डोंगराळ स्पॅनिश असेल. तिकडे दक्षिणेत म्हातारी माणसं अशीच बोलतात." तिने स्वतः हात पुढे करून शिक्का उठवला. घराची भाषा: स्पॅनिश. पुढचा तुकडा वाजू लागला. बायबलात शिष्याने गुरूची ओळख नाकारली तेव्हा आरवला होता तसा कोंबडा तेवढा इथे आरवला नाही.

घरी गेल्यावर आईने विचारलं, "जेवली का बाय?" हिल्डा म्हणाली, "येस मॉम," आणि खोलीत निघून गेली. ती जेवली नव्हती. लाज वाटत असली की तिच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि लाज कशाची हे आईला सांगण्याची तर सोयच नव्हती.

नंतर थोड्याच दिवसांत मार्तीणबाय कुंड्यांना पाणी घालताना खाली कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली.

वाचेवर आता इलाज होता. त्याला कंठपट्टी म्हणत. गळ्याभोवती बांधायची मऊ पट्टी. आजारी माणूस बोलू पाहतो तेव्हा घशाचे स्नायू अगदी क्षीण हलतात, ते पट्टी टिपते. त्यातून अर्धामुर्धा शब्द हाती लागतो. उरलेला शब्द, आणि त्यापुढचा शब्द, ती अंदाजाने पुरा करते आणि त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवते. खरी करामत पुढची. स्वतःचा आवाज कानावर पडला की जखमी मेंदू त्यामागे चालायला लागतो. रोज वापरली की पायवाट पुन्हा मळते तसं होतं, आणि काही आठवड्यांनी पट्टी काढली तरी माणूस बोलतो. मात्र अंदाज करायला पट्टीला भाषा ठाऊक हवी. ती राष्ट्रीय नोंदीतून आपोआप घेतली जायची. कुणाला विचारत बसायची गरजच नसे.

हिल्डा दवाखान्यात पोचली तेव्हा नर्स हसतमुखाने दारातच भेटली. "तुमच्या आई बोलू लागल्या! दुपारपासून पाव मागताहेत."

आत मार्तीणबाय उशीला टेकून बसली होती. मुलीला पाहून तिचे ओठ हलले, गळ्यावरचा दिवा लुकलुकला आणि तिचाच खणखणीत आवाज आला, "पान, पोर फावोर."

हिल्डाला भरून आलं. तिला एकच शब्द ऐकू आला, पान. विड्याचं पान! भुईगावच्या आपल्या वेलींवरचं. मागचं 'पोर फावोर', म्हणजे 'कृपया', हे सौजन्याचं शेपूट तिच्या कानावर पडूनही पडलं नाही. रोज स्पॅनिश बोलणारी, स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणजे पाव हे झोपेतही सांगू शकणारी ही बाई मोटार घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या भारतीय दुकानात गेली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं घेऊन आली.

आईने पानाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हिल्डाला वाटलं, गावाच्या आठवणीने. ओठ पुन्हा हलले. "पान, पोर फावोर." नर्सने लगबगीने पावाचा तुकडा आणला. मार्तीणबायने डाव्या हाताने तो उडवून लावला आणि स्वतःच्या गळ्यातून निघालेल्या त्या परक्या शब्दांना घाबरून पट्टी ओरबाडू लागली.

तेव्हा हिल्डाला तिचे ओठ दिसले. कोरडे, भेगा पडलेले. पाण्याचा पेला उजव्या बाजूच्या टेबलावर होता, मेलेल्या हाताच्या बाजूला. आई दुपारपासून 'पाणी' म्हणत होती. पट्टी तिच्या तोंडून 'पान' काढत होती, नर्स पाव आणत होती, आणि पोटची मुलगी विडा घेऊन आली होती.

तिने पेला आईच्या ओठांना लावला. आईने तो घटाघटा रिकामा केला. हिल्डाला त्या वेळी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

"पट्टी काढा," ती डॉक्टर ओकाफोरना म्हणाली. "ही स्पॅनिश नाही. आम्ही मराठी आहोत. गावची बोली आहे आमची."

ओकाफोर मूळचे नायजेरियाचे, शांत, सावकाश बोलणारे. त्यांनी नोंद पाहिली. "इथे तर स्पॅनिश आहे. आणि यंत्राचा अंदाज नाही हा, कुणीतरी ऐकून ठरवलंय."

हिल्डाने नोंदीवरचा स्वतःचा शिक्का पाहिला.

"काढली तर त्या मुक्या राहतील," ते म्हणाले. "ठेवली तर मेंदू हेच शिकेल. आणखी आठवडाभर असंच चाललं तर त्यांची स्वतःची वाट बुजत जाईल. पुस्तकी मराठी घालून पाहतो, पण त्यांच्या बोलीला ती कितपत लागू पडेल कोण जाणे. खरं म्हणजे त्यांचं स्वतःचं, घरातलं बोलणं हवं. कुठे ध्वनिमुद्रण आहे?"

होतं. एरवी बोलणं साठवायला बंदी होती, पण संशयित घरांचे आवाज निकालापर्यंत राखून ठेवत आणि निकाल जाहीर झाला की पुसून टाकत. मार्तीणबायचं सबंध तिमाहीचं बोलणं कार्यालयाच्या तळघरात पडलं होतं. पण घरावर भाषेचा शिक्का बसला की ते कुलूपबंद होई. कुलूप उघडायचं तर शिक्का चुकला हे मान्य करायला हवं होतं. शिक्का मारणाऱ्याने नात्यातलं घर लपवलं असेल, तर त्याने ठरवलेली सगळीच घरं पुन्हा संशयित ठरत. हिल्डाच्या हातून गेलेली घरं स्पॅनिशच्या आघाडीपेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणजे निकालच थांबणार होता. आणि उद्या शुक्रवार होता.

सकाळी ती कार्यालयात गेली तेव्हा सभागृहात माणसं खुर्च्या मांडत होती. मारिसोलने आजीची कर्णफुलं घातली होती. बेनेट आरशात पाहून टाय सारखा करत होता.

"तो आवाज माझ्या आईचा होता," हिल्डा म्हणाली.

"कोणता आवाज?" बेनेटने विचारलं.

"ज्याला तुम्ही हसलात तो. मी ओळखलं होतं. ओळख दाखवायची मला लाज वाटली." ती अडखळली, पण थांबली नाही. "ती स्पॅनिश नव्हती. मराठी होती. मी लोपेझ नाही, लोपीस आहे. माझी सगळी घरं पुन्हा उघडायला लागतील. आणि मला आजच्या आज तिचं बोलणं हवंय."

बेनेटने आधी दार लावून घेतलं. मग त्याने तिला पुष्कळ सुनावलं, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. बाहेर इंग्रजीवाले आता नाचतील, म्हणतील की सगळी मोजणीच लबाडीची होती. हिल्डाला तेही ठाऊक होतं. तिला भीती होती ती मारिसोलची. मारिसोल खुर्चीवर बसली होती आणि एकेक कर्णफूल काढून हातात घेत होती.

"मारिसोल, मला—"

"आमची नव्हतीस, ते चालेल मला," मारिसोल म्हणाली. "आमच्यात असे पुष्कळ आले आणि आम्ही घेतले. पण माझ्या आजीची गोष्ट ऐकून तू माझ्या खांद्यावर रडली होतीस. आणि स्वतःच्या आईला असं पुसून टाकलंस?"

मारिसोलनेच उठून बेनेटच्या टेबलावरून तळघराची परवानगी काढली, सही करून हिल्डाच्या हातात दिली आणि तिच्याकडे न पाहता निघून गेली. निकाल त्या शुक्रवारी जाहीर झाला नाही. बाहेर दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापले फलक उंच धरले, आणि हिल्डाचं ओळखपत्र दारातच काढून घेतलं गेलं.

ओकाफोरनी तिमाहीचं ते बोलणं पट्टीत घातलं आणि पडद्यावर नजर फिरवली. मग जरा संकोचून म्हणाले, "शब्द फार थोडे आहेत हो."

"थोडे कसे? ती दिवसभर बोलते."

"कुंड्यांशी पुटपुटतात ते यंत्राला नीट ऐकू आलेलं नाही. मोठ्याने बोलल्यात त्या तुमच्याशीच. ऐका ना तुम्ही."

हिल्डाने ऐकलं. आली का बाय? जेवली का? थंडी हाय, स्वेटर घाल. कधी येशील? उशीर होयल का? जेवली का? दर वाक्यामागे तिचा स्वतःचा आवाज. येस मॉम. लेटर, मॉम. बिझी, मॉम. त्याच्यापुढे काही नाही, दार लागल्याचा आवाज आणि पुन्हा दुसऱ्या दिवशीचं, आली का बाय? एका बाईची सगळी भाषा वाट पाहण्यात गेली होती. वेलीबद्दल नाही, बावखलाबद्दल नाही, मेलेल्या नवऱ्याबद्दल नाही. यातलं काही बोलायला समोर कुणी थांबलंच नव्हतं. हिल्डाला वाटलं, ओकाफोरनी आता खोलीबाहेर जावं. ते खरंच गेले.

दुपारच्या उन्हात मार्तीणबाय जागी झाली. हिल्डाने पाण्याचा पेला डाव्या बाजूला सरकवून ठेवला होता. आईचे ओठ हलले, दिवा लुकलुकला.

"जेवली का बाय?"

आपलाच शब्द आपल्याच आवाजात ऐकून म्हातारीचे डोळे मोठे झाले. हिल्डाच्या जिभेवर सवयीने 'येस' आलं. तिने ते गिळलं. पुढचा शब्द शोधायला तिला वेळ लागला, घरात कुठेतरी ठेवून विसरलेली वस्तू शोधावी तसा.

"नाय, आय," ती म्हणाली. "नाय जेवले. कालधरनं कायच खाल्लं नाय."

मार्तीणबायचे ओठ पुन्हा हलले. पट्टीवरचा दिवा लुकलुकला, लुकलुकत राहिला, आणि विझला. याच्यापुढचा अंदाज पट्टीजवळ नव्हता. त्या घरात बोलणं याच्यापुढे कधी गेलंच नव्हतं.

हिल्डा खाली मान घालून बसली. मग तिच्या हाताला काहीतरी गार लागलं. आईने डाव्या हाताने पेला तिच्याकडे ढकलला होता, निम्मं पाणी चादरीवर सांडलं होतं. आईचं तोंड वाकडं झालं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि पट्टीच्या मदतीशिवाय, फाटका, ओळखू न येणारा आवाज तिच्या गळ्यातून बाहेर आला.

"पा...णी... पी."

हिल्डाने पेला दोन्ही हातांनी उचलला आणि प्यायली.